पक्षी ओळखणारं ॲप: बाकी ठीक, हायब्रिड गल आला की गडबडतं

फोटो टाकला की पक्ष्याचं नाव सांगणारं हे ॲप दोनेक महिने वापरतोय, बगळे-घारी-बदकं बऱ्यापैकी बरोबर सांगतं, पण गल (म्हणजे कुरव, आपण सरसकट सीगल म्हणतो ते) आले की बोंब. मी मुद्दाम अमेरिकेतल्या प्युजेट साउंडच्या किनाऱ्यावरचे फोटो दिले. तिथे वेस्टर्न गल आणि ग्लॉकस-विंग्ड गल यांच्यात सर्रास जोड्या जमतात, त्यांच्या संकराला (म्हणजे हायब्रिडला) ‘ऑलिम्पिक गल’ म्हणतात.

ॲपने एकाला थेट हेरिंग गल, म्हणजे तिसरीच जात ठरवलं, ९२ टक्के खात्रीने! अरे बाबा चोच तरी बघ, जाडजूड, टोकाला फुगलेली, डोळा काळपट, हेरिंगचा मोठेपणी फिकट पिवळा असतो. आणि पंखाची टोकं काळी नाहीत, गडद राखाडी आहेत, तीच तर खरी खूण. वेस्टर्नची टोकं काळी आणि पाठही गडद, ग्लॉकस-विंग्डची टोकं साधारण पाठीइतकीच फिकी, हायब्रिड मध्येच कुठेतरी. त्यात हायब्रिडची पुन्हा शुद्ध पक्ष्याशी जोडी जमली की पिल्लं कुठल्या खान्यात टाकायची यावर जाणकारही वाद घालतात, तर ॲपची काय कथा. तोच फोटो जरा ब्राइट करून टाकला तर नाव बदललं, म्हणजे सगळा खेळ राखाडी रंगाच्या छटेवर चाललाय. लहान वयाच्या पक्ष्यांचं तर विचारूच नका, मोठ्या गलना पूर्ण पिसारा यायला साधारण ४ वर्षं लागतात.

‘कुठून आला’ नावाचा टॅब उघडला तर त्या जातीचा नकाशा, बास. हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकलेल्या थव्यात ऑलिम्पिक गलही असू शकतो आणि अलास्काकडचा हेरिंग-ग्लॉकस-विंग्ड संकरही, मग नुसत्या नकाशाने काय कळणार? आईबाप कुठले यावरून अंदाज बांधता येतो, पण हाच पक्षी नेमका कुठला हे पक्कं कळायला अभ्यासकांनी पायात घातलेली कोडवाली रिंग हवी. एका फोटोत ती होती, ॲपने ढुंकूनही बघितलं नाही, मीच झूम करून वाचली.

नवशिक्यांनी बाकी पक्ष्यांसाठी खुशाल घ्या. गलसाठी मात्र पंख उघडलेला फोटो काढा, चोच-डोळा नीट बघा आणि टक्केवारीकडे दुर्लक्ष करा. ‘हायब्रिड असू शकतो’ एवढा एक पर्याय दिला असता तर चार स्टार दिले असते, सध्या अडीच.