शंभर मण्यांची गणितमाळ: घरी शिकणाऱ्या मुलांसाठी

आमची दोन्ही मुले शाळेत न जाता घरीच शिकतात. त्यामुळे गणिताचे कोणतेही साहित्य घेताना स्वयंपाक, पाहुणे, कपड्यांच्या घड्या आणि धाकट्याची भुणभुण या सगळ्यांत ते रोज हाताशी येईल का, हे मी आधी पाहते. नागपूरच्या सीताबर्डीतील एका दुकानातून घेतलेली शंभर मण्यांची गणितमाळ या कसोटीला पुरेपूर उतरली आहे. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी एकच वस्तू घ्यायची असेल, तर हीच घ्यावी असे मी म्हणेन.

माळेची रचना अगदी साधी आहे. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, असे दोनच रंग शंभरापर्यंत आलटून पालटून येतात. आम्ही ती बैठकीच्या खोलीत मुलांच्या नजरेच्या उंचीवर दोन खिळ्यांना बांधली आहे. संख्या दाखवण्यासाठी कपडे वाळत घालायचा चिमटा वापरतो. मात्र तो मण्यावर न लावता दोन मण्यांच्या मधल्या दोरीवर लावायचा असतो, कारण तिसाव्या मण्यानंतर चिमटा लागला की त्याच्या डावीकडे बरोबर तीस मणी मोकळे दिसतात आणि तीस ही संख्या म्हणजे एखादा मणी नसून तेवढे सगळे मणी, हे मुलाला न सांगता कळते.

मराठीत मोजायला शिकणाऱ्या मुलासाठी या माळेचे मोल विशेष आहे. आपण सत्तावीस म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना मात्र २ आधी लिहितो. एकोणतीस ऐकताना कानावर तीस पडते, पण लिहायचे असते २९. याच अडचणीवर उपाय म्हणून बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा धर्तीचे वाचन आणले आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. माझ्या मते रूढ नावे मुलांना यायलाच हवीत, आणि माळेवर ती बोजा न वाटता मदतीला येतात. आमच्या मुलीला ५२ मधून २९ वजा करायचे होते, तेव्हा ती बावन्नापासून तीन दशके मागे जाऊन २२ वर पोहोचली, मग ‘एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी’ असे पुटपुटत एक मणी पुढे आली आणि २३ वर चिमटा लावून मोकळी झाली. हातच्याची मांडणी तिला तोवर शिकवलेलीही नव्हती. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही युक्ती चालते; नव्व्याण्णव तेवढे वेगळे पडते, आणि ते तिने आपणहून शोधून काढले याचा मला फार आनंद झाला.

हिवाळ्याच्या तोंडावर आंबिया बहाराची संत्री घरात येऊ लागली की हिशेब डझनाचा होतो. चार डझन म्हणजे किती, हे पाहण्यासाठी मुले माळेवर बारा-बाराच्या उड्या मारतात, एक दशक आणि वर दोन मणी. चौथ्या उडीला पन्नासाच्या दोन मणी अलीकडे थांबतात. माझ्या सासूबाईंना पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीड यांचे पाढे तोंडपाठ आहेत. माळेवर अर्धा मणी नसतो, म्हणून दहा मण्यांचा एक रुपया मानायचा असे त्यांनीच सुचवले. तसे मानले की दिडकीतले दीड, तीन, साडेचार, सहा हे टप्पे अनुक्रमे १५, ३०, ४५ आणि ६० मण्यांवर येतात. आजी म्हणतात आणि नातवंडे चिमटे सरकवतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी घराबाहेर पडणे शक्य नसते, त्या वेळी कूलरसमोर हा उद्योग बराच वेळ चालतो. पुढे दशांश अपूर्णांक शिकवताना हीच सवय कामी येईल, असे मला वाटते.

आता उणिवा. आमच्या माळेची नायलॉनची दोरी काही महिन्यांत सैल पडून मधोमध झोळ आला, त्यामुळे मणी आपोआप मध्यभागी घसरू लागले. जाड दोरीत पुन्हा ओवल्यावर तो त्रास थांबला. बाजारात पाच-सहा रंगांच्या माळाही मिळतात. दिसायला त्या आकर्षक असल्या तरी त्यात दशक पटकन डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्या टाळाव्यात. विकत घेताना दोरीला चार बोटे तरी मोकळी जागा आहे ना, हे पाहावे, नाहीतर मणी सरकवून वेगळे करता येत नाहीत. हाताने ओवायची तयारी असेल तर इतवारी बाजारातून दोन रंगांचे मणी आणून घरीही माळ करता येते आणि ती मुलांनीच दहा-दहा मोजून ओवली तर अधिक चांगले.

तीन अंकी बेरीज-वजाबाकीला मात्र ही माळ पुरत नाही. तिथे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि दहा गठ्ठ्यांची मोळी हेच साधन बरे. पाच वर्षांखालच्या मुलाला शंभर मणी एकदम देऊ नयेत. आमच्या धाकट्यासाठी आम्ही वीस मण्यांची छोटी माळ वेगळी केली आहे.