माळेगावच्या बाजारातलं खोगीर: वरातीला झकास, भाल्याला नाही

लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारासोबत साजाची दुकानंही लागतात. तिथलं गोंडे लावलेलं नक्षीदार खोगीर नवरदेव मिरवायला एकदम बेस. पण टेंट पेगिंगला, म्हणजे भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलायला तेच घेणार असाल तर जरा दमानं.

मुख्य अडचण रिकिबीची, म्हणजे पाय ठेवायच्या कड्याची. खुंटीवर लवताना स्वाराचा बराचसा भार उजव्या रिकिबीवर येतो, आणि अशा खोगिरात तिची वादी, म्हणजे लटकवायचा कातडी पट्टा, बहुधा बंद कडीत ओवून रिव्हेट ठोकलेली असते. पडताना पाय अडकला की वादी सुटत नाही, घोडा फरफटत नेतो. मागून उघडी असलेली लोखंडी पट्टी बसवून घ्या; वादी मागे ओढली गेली की निसटते. रिकीब बुटाच्या रुंदीपेक्षा इंचभर मोठी हवी.

प्राचीन ग्रीक स्वारांना ही भानगडच नव्हती. रिकीब नाही, खोगीर नाही. फार तर पाठीवर कापड टाकून मांड्यांच्या पकडीवर लढायचे. झेनोफन या ग्रीक सेनानी-लेखकाला लांब भाला कमजोर आणि हाताळायला अवघड वाटे. त्यापेक्षा दोन आखूड भाले घ्या, एक फेका आणि एक हाती ठेवा, असा त्याचा सल्ला.

घेताना पुढचं-मागचं टोक धरून खोगीर मांडीवर दाबा. करकरलं किंवा वाकलं तर आतला सांगाडा तुटलेला आहे. नक्षी कितीही देखणी असो, ठेवून द्या. मग घोड्यावर चढवा. स्वार बसल्यावरही मान संपते तिथल्या उंचवट्यावर दोन बोटं जागा राहिली पाहिजे. नाही राहिली तर पाठ लागते, आणि खोगिराखालच्या नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरी गादीच्या, घड्या वाढवून ते निभत नाही, उलट खोगीर डोलतं.

तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, एकेरी असेल तर दुहेरी करा. घोडा आवळताना पोट फुगवतो, म्हणून पाच मिनिटं चालवून पुन्हा आवळा. रपेटीनंतर घामेजलेल्या पाठीवर कोरडा डाग दिसला तर तिथे दाब पडतोय.

आपल्याकडच्या उन्हात कातडं तडकतं. एरंडेल लावा, पण हलका हात. जास्त मुरलं की वाद्या ताणतात. डावीकडून चढत असल्याने डावी वादी आधी लांबते, तेव्हा अधूनमधून दोन्हींची अदलाबदल करा.