सिप्रीचा लष्करी खर्चाचा तक्ता: तळटीपांना पाच तारे, क्रमवारीला तीन

गणपतीत जेवणं उरकल्यावर धाकट्या भावजींनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. रंगीत पट्ट्यांचं चित्र होतं. सगळ्यात लांब पट्टी अमेरिकेची, तिच्या तिसरा हिस्सा चीनची, मग बरीच आखूड रशियाची, आणि पाचव्या नंबरला आपण. "बघा वहिनी, चीन आपल्या साडेतीनपटीच्या वर खर्च करतो. तुमचा विश्वास बसत नव्हता ना?"

मी विचारलं, "पेन्शन धरून की सोडून?"

भावजींनी बोटांनी चित्र मोठं केलं, पुन्हा लहान केलं. चित्रात ते नव्हतं. "तुमचं ऑडिट रिटायर झाल्यावरही संपत नाही," असं म्हणून ते मोदकाकडे वळले.

डिफेन्स अकाऊंट्समध्ये माझी ३४ वर्षं गेली. २०७६ म्हणजे लष्कराचा महसुली खर्च, ४०७६ म्हणजे भांडवली, पेन्शन २०७१ मध्ये. हे हेड, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खात्यांचे नंबर, माझ्या अजून स्वप्नात येतात. कोणी नुसता 'संरक्षण खर्च' म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या हेडखाली? चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत 'सिप्री' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन मी तिथे गेले, आणि मग आठवडाभर तिथेच होते. तो माल कसा आहे, ते सांगते.

सिप्री म्हणजे स्टॉकहोमची शांतता संशोधन संस्था. स्वीडनने दीडशे वर्षं युद्ध केलं नाही, त्याची आठवण म्हणून १९६६ साली स्थापलेली. (त्याच स्वीडनने २०२४ मध्ये लष्करी खर्च एका वर्षात ३४ टक्के वाढवला आणि नाटोतही गेला. तोही आकडा त्यांनी आपल्याच तक्त्यात निमूटपणे छापलाय.) त्यांचा लष्करी खर्चाचा तक्ता फुकट आहे, नोंदणी लागत नाही, एक्सेलची फाईल सरळ उतरते. काही देशांची माहिती पार १९४९ पासूनची. दर एप्रिलला नवा संच. मी बोलतेय तो २०२५ च्या एप्रिलचा, म्हणजे २०२४ पर्यंतच्या आकड्यांचा.

आधी मोठे आकडे. जगाचा एकूण लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर. त्यात अमेरिका ९९७, चीन ३१४, रशिया १४९, जर्मनी ८८.५, भारत ८६.१. पाकिस्तान १०.२. युक्रेन ६४.७, पण तो त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या (जीडीपीच्या) ३४ टक्के. रशियाचा ७.१ टक्के, अमेरिकेचा ३.४, आपला २.३, चीनचा १.७. म्हणजे डॉलरच्या पानावर जो देश पैलवान दिसतो, तोच टक्क्यांच्या पानावर अंग चोरून बसलेला. दोन्ही पानं एकाच फाईलमध्ये आहेत. चित्रं बनवणारे त्यातलं सोयीचं एक उचलतात.

मला खरं आवडलं ते रंगांचं काम. काळा आकडा म्हणजे देशाने सांगितलेला किंवा खात्रीचा. निळा म्हणजे सिप्रीचा अंदाज. लाल म्हणजे फारच अनिश्चित. नुसती टिंबं म्हणजे माहिती नाही, आणि तीन फुल्या म्हणजे तो देश तेव्हा अस्तित्वात किंवा स्वतंत्रच नव्हता. आमच्याकडे अंदाज आणि प्रत्यक्ष यांची सरमिसळ केली की साहेब फाईल परत फेकायचे. इथे कोणीतरी प्रत्येक चौकोनाला रंग दिलाय. भावजींच्या चित्रात चीनची पट्टी अमेरिकेच्या पट्टीइतकीच ठाम रंगाची होती. मूळ तक्त्यात चीनचा आकडा निळा आहे आणि रशियाचाही अंदाजच आहे. चित्र बनवताना नेमका हा रंग गळतो.

मग मी तळटीपा उघडल्या. भारताच्या टिपेत लिहिलंय की या आकड्यात सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आसाम रायफल्स, आयटीबीपी धरलेत, २००७ पासून सशस्त्र सीमा बलही, पण अण्वस्त्रांवरचा लष्करी खर्च धरलेला नाही. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. ही दलं आपल्याकडे गृह मंत्रालयाच्या बजेटमध्ये असतात. आमच्या संरक्षण खर्चाच्या एकत्रित हिशेबात त्यांचा एक पैसा यायचा नाही. म्हणून सिप्रीचा भारताचा आकडा आणि अर्थमंत्र्यांनी लोकसभेत वाचलेला आकडा कधीच जुळत नाही, आणि कोणीतरी दरवर्षी 'सरकार आकडे लपवतं' म्हणून गळा काढतं. लपवलेलं काही नसतं, दोघांनी बेरीज वेगवेगळ्या ओळींची केलेली असते.

एका टिपेवर मात्र मी एकटीच हसले. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं ऑक्टोबर ते सप्टेंबर, आणि तुलना करायची तर जानेवारी ते डिसेंबर. तर सिप्री असं धरतं की वर्षभरात पैसा सारख्या गतीने खर्च झाला. सारख्या गतीने! ज्याने एकदा तरी ३१ मार्चची रात्र बिलांच्या गठ्ठ्यात काढली आहे, त्याला हे वाक्य वाचून दाखवा. अर्थात दुसरं काय धरणार, हेही कळतं. आणि आर्थिक वर्षानुसार मूळ चलनातलं वेगळं पानही त्यांनी ठेवलंय. तुम्हाला रुपयांत आपला हिशेब आपल्याशीच ताडायचा असेल तर तेच पान घ्या, डॉलरच्या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्या एका जागी माझी फसगत झाली. आदल्या वर्षीच्या प्रसिद्धीत जगाचा खर्च २,४४३ अब्ज होता, यंदा २,७१८. मी कागदावर भागाकार केला, सव्वाअकरा टक्के वाढ आली. ते म्हणतात ९.४. दोनदा तपासलं. मग लक्षात आलं की त्यांची वाढ महागाई वजा करून, स्थिर किमतींत काढलेली आहे. शिवाय नवी माहिती आली की ते मागची वर्षंही दुरुस्त करतात. म्हणून गेल्या वर्षीची फाईल आणि यंदाची फाईल शेजारी ठेवून वजाबाकी करायची नाही. जुनी फाईल मी पुसलेली नाही, पण तिच्या नावापुढे 'वापरू नये' असं लिहून ठेवलंय.

आता चीन, कारण सगळा वाद तिथलाच. चीनने २०२४ साठी स्वतः जाहीर केलेलं संरक्षण बजेट सुमारे १.६७ लाख कोटी युआनचं, म्हणजे २३१ अब्ज डॉलरच्या आसपास. सिप्री म्हणतं ३१४. मधले ८० अब्ज कुठून आले? सशस्त्र पोलीस दल, तटरक्षक दल, सैन्यातून मोकळं केलेल्यांचे आणि निवृत्तांचे पैसे, लष्करी संशोधन. हे सगळं चीनच्या बजेटमध्ये इतर खात्यांत विखुरलेलं असतं, ते गोळा करून. यातला काही भाग अंदाजानेच भरावा लागतो, आणि अंदाज बदलतो. २०१९ चा चीनचा आकडा आधी २६१ अब्ज छापला होता. २०२१ मध्ये सिप्रीने पद्धत बदलली आणि त्याच वर्षाचा आकडा २४० झाला. चीनची एक बंदूकही कमी झाली नव्हती. त्यांनी हे उघड लिहून, कारणांसकट छापलं, हे मी त्यांच्या खात्यावर जमेला धरते.

ताडून बघायला दुसरं दुकान हवं म्हणून लंडनच्या 'मिलिटरी बॅलन्स'कडे गेले. आयआयएसएस ही सामरिक अभ्यासाची संस्था १९५९ पासून दरवर्षी काढते तो जाडजूड ग्रंथ. विकत घ्यायचा तर शेकडो पौंड. मी ओळखीच्या एका ग्रंथालयात दोन दुपारी बसून वाचला. सैनिक, रणगाडे, जहाजं मोजायची तर तोच हवा, तिथे सिप्री त्याच्या जवळही येत नाही. पण पैशांत बघा: त्याच २०२४ साठी अमेरिका ९६८ अब्ज, चीन २३५. एक दुकान ३१४ म्हणतं, दुसरं २३५, आणि दोघांनीही मापात पाप केलेलं नाही. दुसऱ्याने चीनच्या जाहीर बजेटच्या जवळ राहायचं ठरवलंय, इतकंच.

तिसरं दुकान शोधायला मी जागतिक बँकेच्या साईटवर गेले, तिथून 'अवर वर्ल्ड इन डेटा' या आकडेवारीच्या साईटवर. आकडे सिप्रीशी तंतोतंत जुळले आणि क्षणभर वाटलं, झालं, तीन साक्षीदार मिळाले. खाली बघितलं तर दोन्हीकडे माल सिप्रीच्याच गोदामातला. दोघंही ते लिहितात, पण आपण वाचत नाही.

रशियाचं तर आणखीच. आयआयएसएसच्या हिशेबाने बाजारातल्या दराने १४६ अब्ज डॉलर, सिप्रीच्या जवळपासच. पण तिथल्या स्वस्ताईचा विचार केला, म्हणजे रूबलमध्ये रशियात जेवढं विकत मिळतं त्याची डॉलरमधली किंमत लावली, तर ४६२ अब्ज. बाकी सगळ्या युरोपचा मिळून ४५७. एकच देश, एकच वर्ष, आणि तिप्पट फरक. हे दुसरं माप भारताला लावलं तर चीनशी आपलं अंतरही बरंच कमी दिसतं, कारण जवानाचा पगार आणि रेशन आपण डॉलरने देत नाही. पण ३६ राफेलचा २०१६ चा करार जवळपास ७.८ अब्ज युरोंचा होता, आणि ते युरो कुठल्या स्वस्ताईने कमी होणार? म्हणून हे माप एकट्याने वापरणाऱ्यावर माझा भरवसा नाही. सिप्रीने मुख्य तक्ता बाजारदरावर ठेवलाय ते बरोबर वाटतं. फक्त क्रमवारी छापताना, स्वस्ताई धरली तर चित्र बदलतं, हा इशारा आणखी ठळक हवा होता. एक तारा मी त्याचाच कापलाय.

आमचे एक जुने साहेब शीतयुद्धातला किस्सा सांगायचे, मी तो नंतर वाचून खात्री करून घेतला. सोव्हिएत खर्च किती हे कळेना म्हणून सीआयए असं मोजायची: हेच सैन्य अमेरिकेत उभं करायला किती डॉलर लागतील? त्यात सक्तीने भरती झालेल्या सोव्हिएत पोराला अमेरिकन सैनिकाचा पगार लावलेला असे. १९७३ मध्ये अमेरिकेने सक्तीची भरती थांबवली. पगारी सैन्यासाठी पगार वाढवले की इकडे मॉस्कोचा 'खर्च' आपोआप वाढायचा, तिकडच्या पोराच्या खिशात एक कोपेकही जास्त न पडता. १९७६ मध्ये सीआयएने सोव्हिएत खर्चाचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा ६ ते ८ टक्क्यांवरून एकदम ११ ते १३ टक्के केला. तोही रणगाडे वाढले म्हणून नव्हे. ते बनवायला सीआयएला आधी वाटलं होतं त्याहून जास्त पैसा लागतो असं कळलं म्हणून. आणि खुद्द मॉस्को वर्षानुवर्षं २० अब्ज रूबलच्या आसपासचा आकडा सांगत राहिलं. १९८९ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह उभे राहिले आणि म्हणाले, ७७.३ अब्ज. सिप्रीच्या जगाच्या आलेखात १९९१ ला एक खाच आहे, कारण त्या वर्षी सोव्हिएत संघाचा धरण्याजोगा आकडाच नाही. मला ती खाच फार आवडते. दुसऱ्या कोणी तिथे सरासरी घालून रेघ जोडून टाकली असती.

आणखी दोन गोष्टी वापरणाऱ्यांसाठी. युक्रेनच्या आकड्यात बाहेरून आलेली शस्त्रं शोधू नका. लष्करी मदत सिप्री देणाऱ्याच्या खात्यात धरतं. आणि त्यांचाच शस्त्रव्यापाराचा वेगळा तक्ता आहे, त्यातलं एकक पैसे नाही, शस्त्राच्या क्षमतेवरून ठरवलेलं माप आहे. त्याला डॉलर लावून बातम्या करणारे मी पाहिलेत.

आठवड्याअखेरीला मी भावजींसाठी एक कागद तयार केला. सिप्रीचे दोन्ही आकडे घेतले तर ३१४ भागिले ८६.१, म्हणजे ३.६५ पट. दोन्ही सरकारांची जाहीर बजेटं घेतली तर चीनचे २३१ आणि आपले २०२४-२५ चे ६.२२ लाख कोटी रुपये, डॉलरमध्ये साधारण ७४.५ अब्ज: ३.१ पट. इथपर्यंत मी खूश होते. मग माझाच प्रश्न मला आठवला. चीनच्या जाहीर बजेटबाहेर निवृत्तांचा बराच पैसा राहतो, आपल्या ६.२२ लाख कोटींत मात्र १.४१ लाख कोटी पेन्शनच आहे. सारख्याला सारखं लावायचं तर ती काढायला हवी. काढली. उरले ४.८१ लाख कोटी, साडेसत्तावन्न अब्ज डॉलर. भागाकार आला चार.

भावजींना फोन केला आणि सांगितलं, तुमचे साडेतीन कमीच होते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "वहिनी, म्हणजे मी जिंकलो ना?" मी म्हटलं, कागद पाठवते, तळटीपा वाचून सही करा.