गणपतीत घरी वीस माणसं: माफिया, डिक्सिट की शब्दकोश?

चवथीला आमच्या मालवणकडच्या घरात अठरा-वीस डोकी असतात. वाडीतलं भजनी मंडळ काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन पुढच्या घरी गेलं की रात्रीचे दहा वाजलेले असतात. पाऊस चालू, मोबाइलची रेंज गेलेली, आणि मुंबईहून आलेली पोरं ‘आता काय करू या’ म्हणून तोंडाकडे बघत बसतात. या वेळेत आम्ही थापा मारायचे बरेच खेळ खेळून बघितले. बॅगेत एखादा खेळ टाकावा की नुसती वही-पेनं पुरे, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

काही खेळ आधीच बाजूला काढतो. राजा-मंत्री-चोर-शिपाई चार जणांत संपतो आणि त्यात गोष्ट रचायला वाव नाही. पत्त्यांतला चॅलेंज मस्त, पण तिथे थाप म्हणजे ‘तीन गुलाम’ एवढीच. ‘दोन खरं, एक खोटं’ कॉलेजच्या पहिल्या दिवशी ठीक. गावात तो चालतच नाही. ‘मी लहानपणी विहिरीत पडलो होतो’ असं तुम्ही म्हणावं, तर ज्याने दोर सोडला होता तोच समोर पाट टाकून बसलेला असतो.

राहिले तीन: माफिया, डिक्सिट आणि शब्दकोश.

माफिया १९८६च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने काढला. कल्पना साधी. थोड्या लोकांना सगळं माहीत, बाकी सगळे अंधारात. कोण कोणाला गुंडाळतं ते बघायचं. १९९७मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने माफियांच्या जागी लांडगे घातले आणि तोच खेळ वेअरवुल्फ झाला. आम्ही लांडग्यांच्या जागी आधी देवचार घातला होता. आजीने तिथल्या तिथे थांबवलं. देवचार गावाचा राखणदार, तो माणसं मारत सुटत नाही. मग गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत घेतलं. तो पाण्यात ओढतो, त्यामुळे मरणाऱ्यांची सोयच झाली.

पंधरा जणांत तीन गिऱ्हे, एक वैद्य, एक हवालदार आणि वर एक निवेदक. सामान काही लागत नाही, चिठ्ठ्या पुरतात. रात्री सगळ्यांनी डोळे मिटायचे, गिऱ्ह्यांनी बोट दाखवून बळी निवडायचा. कौलांवर पावसाचा असा आवाज असतो की कोण हललं ते शेजारच्यालाही कळत नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे सुख नाही. तिथे सोफा करकरला की गिऱ्हा पकडला जातो.

खेळ रंगतो तो निवेदकावर. ‘रात्री अमुक मेला’ एवढंच सांगणारा निवेदक असेल तर दुसऱ्या फेरीत जांभया सुरू. आमच्या काकांनी तरुणपणी दशावतारात कामं केलीत. तिथे लिहिलेली संहिता हातात नसते, संवाद उभ्या उभ्याच सुचावे लागतात. काका सांगतात, ‘पहाटे व्हाळावर एकच चप्पल सापडली, डाव्या पायाची, आणि तिच्यात कोळंबी.’ मग ती चप्पल कोणाची यावर दहा मिनिटं भांडण. असा माणूस तुमच्याकडे असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, माफियाच खेळा.

नसेल तर अडचणी आहेत. पहिल्या रात्री मेलेला माणूस पाऊण तास नुसता बसून राहतो, आणि तो जर आठ वर्षांचा भाचा असला तर रडारड. (उपाय: मेलेल्याला निवेदकाचा मदतनीस करा, पुढचं मरण त्याला रचू द्या.) डोळे मिटा म्हटलं की जेवून बसलेले थोरले खरोखर झोपतात.

पण मोठी अडचण वेगळीच आहे. माफियात तोंडावर खोटं बोलावं लागतं आणि तोंडावर ‘तू खोटारडा’ म्हणावं लागतं. मित्रमंडळी तारकर्लीला जमली असतील तर त्यातच मजा आहे. घरात मात्र नवी सून सासऱ्यांकडे बोट दाखवत नाही. आमची वहिनी पहिल्या वर्षी तशीच बसून राहिली. अण्णाच गिऱ्हा आहेत हे अख्ख्या पडवीला दिसत होतं, आणि ती आपल्याच नवऱ्याविरुद्ध मत देत होती.

डिक्सिटमध्ये हा प्रश्न येत नाही. जाँ-लुई रुबिरा यांचा हा फ्रेंच खेळ २००८चा. २०१०मध्ये त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. ८४ पानं, त्यांवर स्वप्नातल्यासारखी चित्रं. एकाने आपल्या पानावरून एखादा शब्द किंवा वाक्य टाकायचं, बाकीच्यांनी त्याला जुळेलसं आपलं पान उलटं सरकवायचं, आणि पिसून मांडल्यावर मूळ पान कोणतं ते ओळखायचं. सगळ्यांनी ओळखलं किंवा कोणीच नाही ओळखलं, तर सांगणाऱ्याला शून्य. काहींनीच ओळखलं तर तीन गुण. म्हणजे अर्ध्यांनाच कळेल असं बोलायचं, आणि एकत्र वाढलेल्या चुलत-आतेभावंडांना ते बरोबर जमतं. माझी बहीण एकदा नुसतं ‘आत्याचा माळा’ म्हणाली. भावंडं फसफसून हसली, जावई मंडळी चित्रं न्याहाळत राहिली.

मात्र जुना डबा तीन ते सहा जणांचा, २०२१ची नवी आवृत्ती आठांपर्यंत. वीस जणांत दोघादोघांची जोडी करून बघितली, कुजबुजीतच वेळ गेला. शिवाय भाद्रपदातली हवा! पानं दमट होऊन चिकटतात, त्यात करंजीचे हात. सावंतवाडीच्या गंजिफेच्या पत्त्यांना लाखेचा लेप का देतात ते तेव्हा नीट कळलं. डिक्सिट न्यायचाच असेल तर पानांना प्लास्टिकची पाकिटं घालून न्या, आणि मोठी माणसं झोपल्यावर सहाच जणांत खेळा.

वीस जणांच्या घरासाठी माझं मत शब्दकोशाला. परदेशात हाच खेळ १९८४पासून बाल्डरडॅश नावाने डब्यात मिळतो, पण डबा इंग्रजी, आपल्याला त्याचा उपयोग नाही. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर आहे. निघायच्या आधी तीसेक आडवळणी शब्द अर्थासकट वहीत उतरवून घ्या. चार-पाच जोड्या किंवा गट करा. वाचणारा शब्द सांगतो, प्रत्येक गट खोटा अर्थ लिहून देतो, वाचणारा त्यांत खरा मिसळून सगळे वाचतो. खरा ओळखला तर दोन गुण, तुमच्या थापेला मत पडलं तर मतागणिक एक. चिठ्ठ्या आधी मनात वाचून घ्या. अक्षर लावताना अडखळलात की ती थाप आहे हे सगळ्यांना कळतं.

यात कोणी बाद होत नाही, आणि थाप कोणाची ते मतं पडेपर्यंत कळत नाही. ‘तसलमात’ हा शब्द आला तेव्हा खरा अर्थ होता, पुढे हिशेब देण्याच्या बोलीवर घेतलेली उचल. एका चिठ्ठीत होतं, ‘वरातीच्या घोड्याच्या पाठीवर टाकायचं भरजरी कापड’. अण्णा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर. त्यांनी ठासून घोड्याला मत दिलं. चिठ्ठी वहिनीची होती. त्या रात्री तिने अण्णांना तीनदा फसवलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने हसली.

मालवणी शब्द घालायचा मोह होईल, पण आडाळो म्हणजे विळी हे गावातल्या सगळ्यांनाच ठाऊक, फसतात ती फक्त मुंबईची पोरं. म्हणून आम्ही एक फेरी उलटी ठेवतो: शब्द पोरांनी द्यायचे, अर्थ मोठ्यांनी रचायचे. गेल्या वर्षी शब्द आला ‘क्रिंज’. आजीने नातीच्या कानात सांगितलं, ‘सायकलीच्या चेनीक लायतत ता काळा तेल.’ नातीने ते प्रमाण मराठीत लिहिलं, मी तोंड सरळ ठेवून वाचलं, आणि तीन गटांनी त्यालाच मत दिलं. मग आजीने खरा अर्थ विचारला. नात म्हणाली, दुसऱ्याचं वागणं बघून आपल्यालाच लाज वाटते ना, ते.

‘म्हंजे तुझो आजो आरतीत नाचता तेव्हा माका होता ता,’ आजी म्हणाली.