स्ट्रायकर पिस्तूल: साताऱ्यातील परवानाधारकाच्या नजरेतून

सातारा, कोरेगाव आणि वाई भागातून शस्त्र परवान्यासाठी अर्ज करणारी मंडळी, म्हणजे बहुतेक करून सराफ, ठेकेदार, पेट्रोल पंपाचे मालक आणि माझ्यासारखे सैन्यातून निवृत्त झालेले लोक, हल्ली पहिल्याच भेटीत ‘ग्लॉकसारखे काही मिळेल का’ असे विचारतात. नुसते ‘नाही’ म्हणून या प्रश्नाची बोळवण करता येत नाही, कारण त्यामागे ग्लॉकसारख्या, म्हणजे स्ट्रायकर पद्धतीच्या, पिस्तुलाबद्दलचे रास्त कुतूहल असते आणि बऱ्याच ऐकीव गोष्टीही असतात. पुढील मजकूर तीन शस्त्रांच्या अनुभवावर आधारलेला आहे: राष्ट्रीय सुरक्षा दलातील (एनएसजी) प्रतिनियुक्तीच्या काळात वापरलेले ग्लॉक १७, वाईच्या एका परिचितांकडे वडिलांकडून वारशाने आलेले आणि आता त्यांच्या स्वतःच्या परवान्यावर नोंदलेले बेल्जियन बनावटीचे एफएन १९१०, आणि माझ्याजवळचे कानपूरच्या कारखान्यातले .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचे आतले माप) रिव्हॉल्व्हर.

घोड्याच्या पिस्तुलात चाप ओढला की मागचा घोडा फायरिंग पिनवर, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या सुईवर, आपटतो. स्ट्रायकर पद्धतीत घोडाच नसतो. स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, आत स्प्रिंगच्या ताणाखाली रोखून धरलेली सुई (हाच स्ट्रायकर) सुटते आणि थेट काडतुसाच्या बुडाशी असलेल्या स्फोटक टोपीवर आदळते. ही पद्धत अलीकडची आहे, असा अनेकांचा समज असतो, पण जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलेले ल्युगर पिस्तूल याच पद्धतीचे होते आणि जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले एफएन १९१० हेही याच पद्धतीचे आहे. साराजेव्होत १९१४ साली आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांच्यावर झाडलेल्या गोळ्या याच मॉडेलच्या पिस्तुलातून सुटल्या होत्या. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गॅस्टन ग्लॉक यांचे पिस्तूल निवडले तेव्हा नावीन्य होते ते पॉलिमरच्या सांगाड्यात, मोजक्या सुट्या भागांत आणि स्ट्रायकरचा ताण दोन टप्प्यांत विभागण्याच्या युक्तीत.

ही युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. ग्लॉकमध्ये स्लाइड मागे ओढून सोडल्यावर स्ट्रायकरची स्प्रिंग अर्धवटच ताणली जाते. उरलेला ताण चाप ओढताना आपले बोट देते आणि त्याच ओढीच्या शेवटी सुई सुटते. त्यामुळे पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत चापाचा जोर एकसारखा, साधारण अडीच किलोचा, राहतो. ज्या घोड्याच्या पिस्तुलात पहिली ओढ लांब आणि जड असते व पुढच्या ओढी हलक्या होतात, ते हातात घेतलेल्या माणसाला या एकसारखेपणाची किंमत लगेच कळते. अंगठ्याने फिरवायचा सुरक्षा खटका यात नाही. चापाच्या मध्यावर असलेली छोटी पट्टी दाबल्याशिवाय चाप मागे जात नाही, चाप पूर्ण मागे आल्याशिवाय सुईसमोरचा अडसर हटत नाही, आणि पिस्तूल खाली पडले तरी स्ट्रायकर आपल्या जागेवरून सरकू नये याची तिसरी सोय आत केलेली आहे. बारकाईने पाहणाऱ्याला चापावरून पिस्तुलाची अवस्थाही ओळखता येते: चाप पुढे असेल तर स्ट्रायकर ताणलेला आहे, आणि चाप मागे टेकलेला असेल तर तो सुटलेला आहे.

खटका नसण्याची दुसरी बाजू मात्र विक्रीच्या माहितीपत्रकात येत नाही. सदऱ्याची कड, बंडीची नाडी किंवा उतावळे बोट चापात शिरले, तर ती छोटी पट्टीही त्याबरोबरच दाबली जाते. म्हणून अशा पिस्तुलाची सुरक्षितता निम्मी कारखान्यात आणि निम्मी म्यानात असते. चाप पूर्ण झाकणारे, कडक आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेले म्यान नसेल, तर स्ट्रायकर पिस्तूल कमरेला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्र नियम २०१६ नुसारही सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात आणि पूर्ण झाकलेले असावे लागते. दुसरी खोच साफसफाईची. ग्लॉक उघडण्यापूर्वी एकदा चाप ओढावाच लागतो, आणि मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) काढल्यावर चेंबर, म्हणजे झाडायची गोळी बसते ती जागा, डोळ्याने व बोटाने तपासायचे राहिले, तर आत राहिलेली गोळी त्याच क्षणी सुटते. बंदूक कितीही नावाजलेली असो, रचनेबद्दल आंधळा विश्वास ठेवू नये. अमेरिकन सैन्याने २०१७ च्या जानेवारीत निवडलेल्या सिग पी३२० च्या नागरी आवृत्तीबाबत त्याच वर्षी, विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटते अशा तक्रारी पुढे आल्या आणि कंपनीला ग्राहकांसाठी सुधारित भाग बसवून देण्याची योजना जाहीर करावी लागली.

आता आपल्याकडचे वास्तव. ग्लॉक १७ हे ९ मि.मी. पॅराबेलम काडतुसाचे पिस्तूल आहे आणि हा बोअर निषिद्ध वर्गात मोडतो. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत. ते अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहेत आणि सर्वसामान्य अर्जदाराने त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. शिवाय खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे, त्यामुळे बाजारात दिसणारी परदेशी पिस्तुले ही त्याआधी आलेली, हातोहात फिरलेली आणि केवळ दुर्मीळ म्हणून लाखांच्या घरात गेलेली असतात. आत्मसंरक्षणासाठी परवाना मिळालेल्या साताऱ्याच्या माणसापुढे प्रत्यक्षात .३२ बोअरचे पिस्तूल किंवा .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर हाच पर्याय उरतो. दोन्हींवर ‘.३२’ लिहिलेले असले तरी त्यांची काडतुसे वेगळी आहेत, एकाचे दुसऱ्यात चालत नाही, आणि तरीही दुकानात चुकीची पेटी मागणारे लोक मी पाहिले आहेत.

वाईचे एफएन १९१० मी मालकांच्या समक्ष उघडून पाहिले आहे आणि परवानाप्राप्त रेंजवर चालवलेही आहे. दिसायला ते अतिशय देखणे आहे: सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर वजन, सात गोळ्यांचे मॅगझिन, खिशात अडकेल असा एकही कोपरा नाही, आणि नेम धरण्यासाठी स्लाइडवर कोरलेली एवढीशी खाच, जी संध्याकाळच्या उजेडात पन्नाशीच्या पुढच्या डोळ्यांना दिसतच नाही. यात मुठीचा, अंगठ्याचा आणि मॅगझिनचा (मॅगझिन काढलेले असताना गोळी सुटू न देणारा) असे तीन सुरक्षा खटके आहेत, पण चेंबर भरल्यावर स्ट्रायकर पूर्ण ताणलेला राहतो आणि ग्लॉकसारखा सुईसमोरचा अडसर यात नाही. इतक्या जुन्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गोळी ठेवून हिंडणे मला मान्य नाही; आणि चेंबर रिकामे ठेवायचे, तर प्रसंगी स्लाइड ओढायला दोन्ही हात मोकळे असावे लागतात.

रेंजवर त्याने दोन प्रकारे दगा दिला. पहिल्या प्रकारात चाप ओढल्यावर नुसते ‘टक्’ झाले. बाहेर काढलेल्या काडतुसाची टोपी उजेडात धरली तेव्हा तिच्यावर सुईची खूण होती, पण नखाने चाचपावी लागेल इतकी उथळ. स्लाइड उघडल्यावर कारण समोर आले: स्ट्रायकरच्या नळीत कोणीतरी मायेने भरपूर तेल घातले होते, त्यात धूळ आणि पितळेचा कीस बसून काळा चिकट थर तयार झाला होता, आणि सुई त्यातून रखडत पुढे जात होती. स्ट्रायकरची नळी कोरडी ठेवायची असते, तेल तिथे अजिबात घालायचे नसते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. उलट महाबळेश्वर-जावळीच्या पावसाळी दमटपणाला घाबरून लोक सगळीकडे तेल ओततात, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करण्याआधी तर हमखास. गंज बाहेरच्या पोलादावर येतो. तिथे तेलाचा पातळ हात फिरवावा आणि स्ट्रायकरची नळी पुसून कोरडी ठेवावी.

दुसरी अडचण काडतुसाच्या घडणीतली आहे. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही ओढली तरी गोळी वर येत नाही. हा दोष झटक्याने दूर होत नाही. मॅगझिन काढून मोकळे करावे लागते, आणि समोर हल्लेखोर असताना तेवढी उसंत मिळत नाही. प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसाच्या पुढे बसते आहे ना, हे भरतानाच पाहणे हा एकच उपाय आहे.

यामुळेच घरात किंवा पेढीवर ठेवण्यासाठी शस्त्र घेणाऱ्या आणि नियमित सराव न करणाऱ्या माणसाला मी रिव्हॉल्व्हर सुचवतो. त्याचा चाप जड आहे, गोळ्या सहाच आहेत आणि भरायला वेळ लागतो, परंतु एखादे काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढला की चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. स्ट्रायकर पिस्तुलात त्याच वेळी मॅगझिनवर थाप मारून स्लाइड ओढावी लागते, आणि ही हालचाल सरावाशिवाय हातात बसत नाही. कानपूरची जुनी रिव्हॉल्व्हरे वरून मोडून उघडतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथूनच आलेल्या ‘प्रबळ’चे चक्र बाजूला उघडते, त्याची नळी ७६ मि.मी. लांब आहे आणि माझ्या मते ते हाताळायला अधिक सोयीचे आहे. उलट रेंजवर जाण्याची तयारी असलेल्या, काडतुसांच्या मंजूर मर्यादेतून सरावासाठी वाटा काढणाऱ्या आणि म्यानावर पैसे खर्च करणाऱ्या व्यक्तीने पिस्तूल अवश्य घ्यावे; सपाट असल्याने ते कपड्यांखाली दिसत नाही आणि नेमही लवकर बसतो.

पाटण-कऱ्हाडकडचे काही शेतकरी बिबट्यासाठी पिस्तूल मागतात, त्यांनी तो विचार सोडावा. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि.३२ ची गोळी त्याला थांबवण्याऐवजी चवताळवील. माणसाविरुद्धही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ नुसार बचावाला आवश्यक तेवढाच बळाचा वापर क्षम्य ठरतो, हे परवाना घेताना वाचून ठेवावे.

जुने स्ट्रायकर पिस्तूल पाहायला गेल्यावर मॅगझिन काढून चेंबर दोनदा तपासावे, मग गोळी बाहेर पडते त्या पुढच्या नळीत खोडरबर असलेली शिसपेन्सिल रबर आतल्या बाजूला करून सोडावी आणि ती नळी छताकडे धरून चाप ओढावा. स्प्रिंगमध्ये जीव असेल तर पेन्सिल उडून बाहेर येते. जागच्या जागी हलली तर स्प्रिंग बदलावी लागणार. एफएन १९१० मध्ये मॅगझिनचा खटका असल्याने ही तपासणी रिकामे मॅगझिन पुन्हा बसवूनच करता येते. विक्रेता हे करू देत नसेल, किंवा त्याच्याकडे दुसरे अस्सल मॅगझिन आणि नवी स्ट्रायकर स्प्रिंग मिळण्याची खात्री नसेल, तर किंमत कितीही कमी झाली तरी तो व्यवहार करू नये.