सिलिंडर की पाइपचा गॅस?

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या वहिनींनी विचारलं, "भावजी, पाइपचा गॅस घेऊ का?" ज्योत दोन्हींची निळीच, पण मागचा कायदा वेगळा.

सिलिंडर १९५५च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो. घरगुती सिलिंडर हॉटेलात वापरायला बंदी आहे ती त्यामुळेच. १४.२ किलो गॅस भरला की नाही, हे दारातच वजन करून मागा. तो तुमचा हक्क आहे. जीएसटी ५ टक्के. एजन्सी पटली नाही तर बदलता येते.

पाइपच्या गॅसचं तसं नाही. २००६च्या कायद्याने आलेलं नियामक मंडळ भागवार परवाना देतं, आणि ठरावीक वर्षं त्या भागात पुरवठादार एकच. रस्ते दोनदा खोदायला नकोत, हे पटतं. पण तक्रार असली तर दुसऱ्याकडे जायची सोय नाही, हे मला फार खटकतं. पाइपमधून येतो तो नैसर्गिक वायू. तो जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने तो एप्रिल २०२२ पासून १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. म्हणजे नाशिकच्या स्वयंपाकघरातलं बिल राज्याच्या अर्थसंकल्पावरही हलतं. शिवाय एप्रिल २०२३ पासून देशातल्या जुन्या तेल-वायू क्षेत्रांतून निघणाऱ्या वायूचा भाव कच्च्या तेलाच्या दराशी जोडला आहे, वर कमाल मर्यादा घालून.

गळती झाली तर हा वायू हलका असल्याने वर जातो, सिलिंडरचा जमिनीलगत साचतो. खिडकी उघडी हवी, दोन्हीकडे.

वहिनींचं घर स्वतःचं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांना मी पाइपच घ्या म्हटलं. भाड्याने राहणाऱ्या भाचीला मात्र सिलिंडरच ठेव म्हणालो.