अथेन्सहून एकच दिवस: डेल्फी की मायसिनी?

अॅक्रोपोलिस बघून झालं आणि हातात एक दिवस उरला, की हा प्रश्न येतोच. डेल्फी म्हणजे अपोलो या ग्रीक देवाचं प्राचीन देवस्थान, अथेन्सच्या वायव्येला. मायसिनी म्हणजे त्याहून जुना तटबंदीचा गड, नैर्ऋत्येला. दोन्ही एका दिवसात बसवायचा हट्ट धरू नका.

गाडी चालवणार नसाल तर डेल्फीच. साधारण १८० किलोमीटर, थेट बसने तीनेक तास. गावात उतरून अवशेषांपर्यंत चालत जाता येतं. पार्नासस डोंगराच्या उतारावर सगळं टप्प्याटप्प्याने चढत जातं: अथेन्सवासीयांचा खजिना (देवाला वाहिलेल्या वस्तू ठेवायची छोटी इमारत), अपोलोचं मंदिर, त्यावर नाट्यगृह आणि अगदी वर धावण्याच्या शर्यतींचं मैदान. मंदिराचे उभे खांब मोजून सहा. पण इथे पिथिया नावाची पुजारीण देवाचा कौल सांगायची आणि युद्धाला निघण्याआधी राज्यं तो घ्यायला यायची. आपल्याकडे देवाला कौल लावणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इथे सापडलेल्या बहुतेक वस्तू शेजारच्याच संग्रहालयात आहेत. तिथला कांस्याचा सारथी चुकवू नका. रथ गेला, घोडे गेले, हातात लगाम तेवढे राहिले. डोळे मात्र अडीच हजार वर्षांनंतरही जिवंत वाटतात.

मायसिनीचं उलटं आहे. १८७६ साली इथे उत्खनन करणाऱ्या जर्मन संशोधक श्लीमानला सापडलेलं सोनं, 'अॅगमेम्नॉनचा' म्हणतात तो प्रसिद्ध सोन्याचा मुखवटासुद्धा, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ते आधी बघितलं नाही, तर जागेवर नुसते दगड दिसतील. अर्थात दगडही काय! इ.स.पू. १२५०च्या सुमाराचा सिंहद्वार, चुन्याशिवाय रचलेली अजस्र तटबंदी आणि बाहेर 'अत्रेयसचा खजिना' म्हणतात ती घुमटाकार कबर. तिच्या दारावरचा एकच दगड शंभर टनांहून जड आहे. सह्याद्रीत गड चढणाऱ्याला डेल्फीपेक्षा हेच जास्त भावेल, असं माझं मत. सावली जवळजवळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी लवकर पोहोचा.

मायसिनीच्या बाजूला गेलात, तर त्याच भागातलं एपिडॉरसही जोडून बघावंसं वाटेल. तिथलं नाट्यगृह इ.स.पू. चौथ्या शतकातलं, प्रेक्षक चौदा हजारांच्या आसपास. मध्यभागी कुणी साधं बोललं तरी वरपर्यंत ऐकू येतं. टाळ्या वाजवून बघणाऱ्यांची रांग असते, त्यांना आवरू द्या आणि मग वर जाऊन बसा. उन्हाळ्यात इथे आजही नाटकं होतात.

अडचण एवढीच, की सार्वजनिक बसने मायसिनी आणि एपिडॉरस एका दिवसात जोडणं जिकिरीचं. भाड्याची गाडी किंवा सहलीची बस घ्या. त्याहून बरं म्हणजे त्याच भागातल्या नाफ्प्लिओ या गावी एक मुक्काम. स्वतंत्र ग्रीसची ही सुरुवातीची राजधानी. वर पालामिडी किल्ला आहे आणि त्याच्या पायऱ्या ९९९ असल्याचं सांगतात.

शाकाहारी मंडळींनी कुठेही 'निस्तिसिमा' विचारावं. त्यांच्या उपासाचे हे पदार्थ, त्यात मांस, अंडी, दूधदुभतं नसतं. मासळीचं मात्र वेगळं विचारून घ्या, कोळंबी-माकूळ त्यांच्या उपासाला चालतात.